कबड्डीतील पकड व खेळाडूंची सुरक्षितता

कबड्डीत चढाई करणाऱ्यास प्रतिपक्षाच्या अंगणातून एका दमात मध्यरेषेपर्यंत परतावे लागते व प्रतिपक्ष त्यास पकडून रोखतो. पकड हा या खेळाचा प्राण होय; तथापि दुखापतीचा संभवही तीतच अधिक असतो. महाराष्ट्रात ‘हुतूतू’ या नावाने रूढ असलेल्या या खेळाचे नियम १९२३ मधील बडोद्याच्या सामन्यांसाठी व पुढे १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाकडून सूत्रबद्ध झाले. विदर्भातील अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके दाखविली.

प्रचलित नियमांनुसार चढाई करणाऱ्याचे धड वा हातपाय एवढेच पकडता येतात. तोंड वा गळा दाबणे, पायांची कैची घालणे व मुद्दाम सीमेबाहेर ढकलणे निषिद्ध असून, अशा रीतीने रोखलेला खेळाडू बाद ठरत नाही. खेळाडूंची नखे कापलेली असावीत, असाही दंडक आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रारंभीच्या लाथेनंतर चेंडू घेऊन धावणाऱ्यावर दूरवरून वेगाने येऊन आदळणाऱ्यांमुळे गंभीर इजा होत. म्हणून नॅशनल फुटबॉल लीगने २०२४ मध्ये दोन्ही संघांतील अंतर कमी केले. कबड्डीत वेगाऐवजी पकडीच्या रीतीवर बंधन आले. त्यामुळे पकडीचे कौशल्य टिकून राहिले व अवैध पकडीपासून मिळणारा लाभ मात्र संपुष्टात आला.