पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे

आपल्याकडच्या जुन्या घरांना आतून अडसर असे. पण सगळे शेतात गेले, की भिस्त कुलपावरच.

वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत, लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. दुकानदार ‘सहा लिव्हरचं कुलूप’ म्हणतो ना? लिव्हर म्हणजे आतल्या पट्ट्या. किल्लीनं सगळ्या पट्ट्या नेमक्या उंचीवर आल्या तरच कुलूप उघडतं. एक चुकली तरी नाही.

आमच्या गटाची पेटी आणि किल्ली एकाच घरी असायची. एकदा हिशेब जुळेना, अन् त्या ताईंवर नाहक संशय आला. नंतर चूक वहीतल्या बेरजेत सापडली. तेव्हापासून पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. पैसा तर राखायचाच, पण बाईचं नावही राखायचं.