महाडच्या नगरपालिकेचे दोन ठराव

महाड ऐन समुद्रकाठी नाही, तरी ते कोकणातलं जुनं बंदर. सावित्रीच्या भरतीवर गलबतं इथवर येत आणि घाटावरचा माल इथून बाहेर पडे. अशा पेठेच्या गावातली नगरपालिका म्हणजे मुख्यतः घरमालकांची आणि व्यापाऱ्यांची सभा. मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता आणि कर यांवर ठरत असे. ज्या अस्पृश्यांना गावातल्या चवदार तळ्याचं पाणी नाकारलं होतं, त्यांतल्या बहुतेकांना त्या सभेत मतही नव्हतं. त्या तळ्याचे कागद हे लक्षात ठेवूनच वाचले पाहिजेत.

20 मार्च 1927 हा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद मात्र क्वचितच सलग वाचले जातात.

पहिला कागद मुंबईचा. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव प्रांतिक कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले, अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या कारभाराखालचे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. सप्टेंबरात सरकारने तिच्या अंमलबजावणीचे आदेश काढले. स्वतःच्या खात्यांना सरकार हुकूम देऊ शकत होतं. नगरपालिकांना मात्र सांगण्यापलीकडे फारसं काही झालं नाही. 5 ऑगस्ट 1926 रोजी बोल्यांना पुन्हा उभं राहावं लागलं. जी नगरपालिका ऐकत नाही तिचं अनुदान रोखा, असा तो दुसरा ठराव. पहिल्याचा अंमल किती झाला होता, हे या दुसऱ्यावरूनच कळतं.

महाडने मात्र सांगितलेलं ऐकलं होतं. 5 जानेवारी 1924 रोजी नगरपालिकेने ठराव करून तळं सर्वांना खुलं केलं. नगराध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसं या बाजूने उभी होती आणि त्यांचं मोल कमी लेखू नये. पण ठराव झाला आणि तळ्यावर काहीच बदललं नाही. मार्च 1927 मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली तेव्हा मंडपातल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. तळं गावात, ठराव दप्तरात, आणि पाणी विकतचं. त्या तीन वर्षांचा हिशेब मला या चाळीस रुपयांतच सगळ्यात स्पष्ट दिसतो.

20 मार्चला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून परिषदेची हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं.

नगरपालिकेचा दुसरा ठराव त्यानंतरचा. 1924 चा निर्णय तिने रद्द केला तो 4 ऑगस्ट 1927 रोजी. बोल्यांच्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. हा योगायोगच असावा, पण कागद शेजारी ठेवले की तो मनाला लागतो.

डिसेंबरात पुन्हा परिषद आणि सत्याग्रह ठरला, तसा सवर्णांनी 12 तारखेला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि 14 ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे सत्याग्रहींनी तळ्याला प्रदक्षिणा घातली, पाण्याला हात लावला नाही. मनुस्मृतीचं दहन याच परिषदेतलं, 25 डिसेंबरचं.

खरी उकल दाव्याच्या कागदांत आहे. वादींची भिस्त दोन गोष्टींवर होती: तळं खाजगी ‘चौधरी तळं’ आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट स्मरणापलीकडची आहे. पहिला मुद्दा टिकला नाही. तळं सरकारचं आणि कायद्याने नगरपालिकेकडे आलेलं, असं ठरलं. ठराव मागे घेऊन नगरपालिकेला आपली संमती काढून घेता आली, तळ्याची सार्वजनिक मालकी पुसता आली नाही. दुसऱ्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यापुढे वादी अडकले. तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यांपलीकडे सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरं. अस्पृश्यांचं घर जवळपास एकही नाही. 1927 पर्यंत अस्पृश्यांनी पाणी भरलं नव्हतं, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. पण न भरणं वेगळं आणि भरू न देण्याचा प्राचीन हक्क असणं वेगळं. तो हक्क शाबीत झाला नाही. 1931 मध्ये महाडला, 1933 मध्ये ठाण्याला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबईला, तिन्ही ठिकाणी वादी हरले.

या विजयाची मर्यादाही निकालपत्रातच आहे. वहिवाट सिद्ध न झाल्यामुळे ती अन्याय्य किंवा लोकहितविरोधी आहे का, या प्रश्नात न्यायालय शिरलं नाही. म्हणजे पुरावा अधिक जुना निघाला असता तर काय, हे उघडंच राहिलं. त्याचं उत्तर संविधानाने दिलं. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावानिशी नोंद आहे. बोल्यांच्या ठरावातली यादी तिच्या शेजारी ठेवून वाचावी. तिथे शिफारस होती. इथे जातीच्या कारणावरून कोणालाही या जागांपासून अडवायला थेट मनाई आहे, आणि ती कुठल्याही नगरपालिकेच्या बहुमताने मागे घेता येत नाही.