ट्यूलिपचा कंद

निशिगंधाचे कंद ज्यांनीं एकदां अंगणांत लावले आहेत, त्यांना हें सांगावयास नको कीं, अशा झाडाचा जीव मातीखालीं असतो. ट्यूलिपचेंही तसेंच आहे. मध्य आशियांतील डोंगराळ मुलुखांत कडक हिंवाळा व कोरडा उन्हाळा सोसण्यासाठीं या झाडानें कंदाचें कोठार सिद्ध केलें. थंड प्रदेशांतील माळी शरद् ऋतूंत कंद सुमारें सहा इंच खोल पुरतो आणि हिंवाळाभर त्याला थंडी भोगूं देतो. वसंतांत फूल कोमेजतांच तें खुडतो. पण पानें मात्र पिवळीं पडेपर्यंत राखतो. कारण पुढील वर्षाची शिदोरी तींच पानें कंदांत भरीत असतात.

तुर्की बागांतून हें फूल सोळाव्या शतकांत पश्चिम युरोपांत गेलें. १५९३ सालीं क्लूसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ हॉलंडांतील लायडन येथें आला. त्याचे कंद पुढच्या वसंतांत फुलले. एखाद्या कंदाला अकस्मात् ज्वालांसारखे पट्टे असलेलें फूल येई. धनिकांना त्याचेंच वेड लागलें. हिंवाळ्यांत कंद जमिनींत असत. तेव्हां माल न पाहतांच कागदावर वायद्याचे सौदे होऊं लागले. ५ फेब्रुवारी १६३७ रोजीं अल्कमार येथें कांहीं पोरक्या मुलांच्या कंदांचा लिलांव होऊन सुमारें ९०,००० गिल्डर जमले. कसबी कारागिराला तेव्हां वर्षाकांठीं सुमारें ३०० गिल्डर मिळत! त्याच आठवड्यांत हार्लेम येथें गिऱ्हाईक मिळेनासें झालें आणि भाव कोसळले.

ते पट्टे म्हणजे वस्तुतः एक रोग होता. तो एका कंदांतून दुसऱ्यांत संक्रमित होतो, हें डोरोथी केली या संशोधिकेनें १९२८ सालीं दाखविलें. मावा हा कीटक तो पसरवितो. रोगानें कंद दुबळा होई, त्याला पिलें थोडीं होत, म्हणूनच तो दुर्मिळ व महाग ठरे.

त्याच देशांत १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन अंमलाखालीं दुष्काळ पडला. वीस हजारांहून अधिक माणसें मेलीं. युद्धामुळें न लावलेले कंद गोदामांत पडून होते. मधला विषारी कोंब काढून लोकांनीं ते उकडून खाल्ले. पानांनीं पुढच्या फुलासाठीं सांठविलेली शिदोरी तेव्हां माणसांच्या मुखीं लागली. ज्या कंदाला एकदां अवाच्या सवा भाव येई, त्याच्या पोटांत मूळचें धन होतें तें मूठभर पिठाचें.