चवथीला उरले 46 तास

46 तास आधी, सकाळी 10. कोरगावच्या आमच्या घराची माडी लाकडी तुळयांवर उभी. वजन नको, म्हणून तिथल्या न्हाणीत फायबरग्लासचा शॉवर-ट्रे बसवला होता. गेल्या चवथीला मुंबईच्या वहिनी त्यात घसरल्या. यंदा मी ठरवलं, वरून खडबडीत कोटा फरशी घालायची. मेस्तानं, म्हणजे गवंड्यानं, ट्रेवर पाय दाबून बघितला. "भाऊ, हा दबतो. ह्याच्यावर सिमेंट धरत नाही हां." मी म्हटलं, "चवथ निभावली तरी पुरे."

42 तास. तीन बाय तीन फुटांचा ट्रे, 20 मिलिमीटरचा दगड: नुसती फरशीच 45 किलोंच्या आसपास, खाली मसाला वेगळा. हलका म्हणून आणलेल्या ट्रेवर हा भार! तेव्हा मला त्यात काही विनोदी दिसलं नाही.

22 तास, तयेची (हरतालिकेची) सकाळ. बसवलेल्या फरशा करणीच्या मुठीनं ठोकून बघितल्या. तीन कोपरे ठण्ण, चौथा पोकळ. पाहुणे तेरेखोल नदी ओलांडून आलेच होते.

13 तास. पहिली आंघोळ. पायाखाली करकर. ट्रेच्या पोटाखाली पोकळी. माणूस उभा राहिला की तो किंचित वाकतो, उतरला की सरळ होतो. दगडाला वाकणं ठाऊक नाही. सांधे उघडले. जाळी आता दगडाच्या दीड इंच खाली. पाणी तिच्यात जायचं ते फरशीखाली शिरू लागलं. रात्रीत सहा आंघोळी झाल्या.

1 तास. न्हाणीच्या बरोबर खाली चौरंग मांडलेला, वर टांगलेली माटोळी: सुपारीचे घोस, तवशी, नारळ, कांगणं. तुळईवर ओला डाग. "पावसाचा असेल," मी म्हणालो. बाहेर लख्ख ऊन होतं.

शून्य. सकाळी 8. वर कडाड् आवाज. ट्रे भोकाभोवती फाटला, पाईपचा जोड निसटला आणि साबणाचं पाणी थेट माटोळीवर. गणपती अजून पडवीतल्या पाटावर होता, एवढंच नशीब.

दुपारी मेस्तानं फरशा उचलल्या. पहार लागलीच नाही, हातानं निघाल्या. मसाल्याची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत: ट्रेच्या वरच्या थराची, जेलकोटची, हुबेहूब छाप, चिकटल्याची खूण कुठेच नाही. मेस्त काही बोलला नाही.

फायबरच्या ट्रेत पाय घसरत असेल तर रबरी मॅट आणा. दगडच हवा असेल तर आधी ट्रे काढा, आणि तुळया कुणाला तरी दाखवा.