मालक एक, चालक दुसरा: शकुंतला रेल्वेपासून घरातल्या राउटरपर्यंत

१/
कारंजा लाड हे वाशीम जिल्ह्यातील जुन्या पेठेचे गाव. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, जैन भट्टारकांच्या गाद्यांचे व हस्तलिखितांच्या भांडारांचे ठिकाण आणि कापसाची बाजारपेठ, अशी त्याची ओळख. या गावातून जाणाऱ्या एका अरुंद लोहमार्गाने शंभर वर्षांपूर्वी एक प्रश्न जन्माला घातला. यंत्राची मालकी एकाची आणि ते चालवणारा दुसरा असेल, तर ते काळाबरोबर सुधारत ठेवण्याची जबाबदारी कोणाची? आज तोच प्रश्न घरोघरच्या वाय-फाय राउटरपुढे उभा आहे.

२/
विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर ते यवतमाळ हा मार्ग कारंजा आणि दारव्हा या गावांवरून टाकला गेला. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गावर नेऊन तिथून मुंबईकडे पाठवायचा, हा त्यामागचा हेतू. मालकी किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाड्या चालवण्याचे काम मात्र करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे होते. लोकांनी पुढे या गाडीला नाव दिले ‘शकुंतला’.

३/
स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे एकत्र आणली गेली, तरी हा मार्ग खाजगी मालकीचाच राहिला. चालवणारी मध्य रेल्वे, मालक कंपनी, आणि दोघांमध्ये वेळोवेळी वाढवला जाणारा करार. मँचेस्टरमध्ये घडवलेले वाफेचे इंजिन इथे सत्तर वर्षांच्या आसपास धावले. डिझेल इंजिन आले ते १९९४ साली. रूळ आणि सिग्नल जुनेच राहिले. वेग ताशी सुमारे वीस किलोमीटरपर्यंत उतरला आणि गेल्या दशकात प्रवासी गाडी थांबली.

४/
शकुंतलेच्या वाट्याला आलेली जीर्णावस्था केवळ पैशांच्या अभावाची नाही. चालवणाऱ्याने दुसऱ्याच्या मालमत्तेवर मोठा खर्च का करावा, आणि जो मार्ग आपण चालवतच नाही तो मालकाने का सुधारावा, अशी ती कोंडी होती. दोघांच्या मधल्या जागेत यंत्र म्हातारे झाले. घरातला राउटर हा आकाराने तळहाताएवढा, पण त्याची रचना नेमकी अशीच आहे. डबा विकत घेतो घरमालक. त्याच्या आत चालणारा प्रोग्राम लिहिते, बदलते आणि एके दिवशी सोडून देते ती दूरची कंपनी.

५/
राउटरचे काम समजायला कारंज्याच्या वेशी उपयोगी पडतात. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. गावात येणारे-जाणारे या वेशींतूनच. राउटर ही घराची वेस: फोन, टीव्ही, कॅमेरा, लॅपटॉप यांची सारी ये-जा तिथूनच होते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे एका राउटरचे सिग्नल पोहोचत नाहीत, म्हणून दोन-तीन डबे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून त्यांचे एकच जाळे करतात. त्याला मेश म्हणतात. अशा घराला वेस एक असली तरी चौक्या अनेक असतात.

६/
या डब्यांच्या आत जो प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द १९६७ साली अमेरिकी संगणकतज्ज्ञ ॲशर ऑप्लर यांनी ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात वापरला. यंत्राचा कठीण भाग म्हणजे हार्डवेअर, सहज बदलणारा भाग म्हणजे सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मधला, यंत्राच्या अगदी निकट बसलेला तो फर्मवेअर. शब्दातच त्याचा स्वभाव होता: बदलता येतो, पण सहज नाही.

७/
सुरुवातीला तर तो बदलताच येत नसे. कारखान्यात चिपमध्ये जे कोरले तेच कायम. चूक निघाली तर चिपच बदलावी लागे. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी पुन्हा लिहिता येणारी चिप सादर केली. तिच्या माथ्यावर काचेची छोटी खिडकी असे आणि त्यातून अतिनील प्रकाश सोडला की जुना मजकूर पुसला जाई. पुढे जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती विकसित केली आणि १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. आता चिप न काढता, केवळ विजेच्या साहाय्याने, मजकूर पुसून नवा लिहिता येऊ लागला. दूर बसून घरातले यंत्र बदलण्याची शक्यता इथे निर्माण झाली.

८/
भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा २००५ मध्ये आली आणि तालुक्याच्या गावांत टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडले जाऊ लागले. त्या काळी फर्मवेअर बदलणे हे ग्राहकाचे काम मानले जाई. ब्राउझरमध्ये राउटरचा अंकी पत्ता टाइप करायचा, पासवर्ड द्यायचा, कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमकी फाइल उतरवून घ्यायची आणि ती चढवायची. मध्येच वीज गेली तर डबा कायमचा निकामी होण्याची भीती. भारनियमनाच्या काळात विदर्भात हे धाडस करणारे थोडेच असणार.

९/
त्याच सुमारास दोन परस्परविरोधी प्रवाह सुरू झाले. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीच्या एका लोकप्रिय राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाले आणि परवान्याच्या अटीनुसार तिला मूळ प्रोग्राम खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. ज्याचा डबा त्याचे फर्मवेअर, अशी ही वाट. दुसरीकडे त्याच २००४ मध्ये ‘टीआर-०६९’ हे तांत्रिक मानक प्रसिद्ध झाले. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपनीला ग्राहकाच्या घरातला मोडेम दुरून तपासता, जुळवता आणि अद्ययावत करता येऊ लागला. एका वाटेने मालकाच्या हाती किल्ली दिली, दुसरीने चालकाच्या.

१०/
बहुसंख्य घरे मात्र या दोन्ही वाटांच्या बाहेर राहिली. डबा एकदा कपाटावर ठेवला की तो बंद पडेपर्यंत कोणी त्याकडे पाहत नसे. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच. ग्राहकाला वाटे, हे कंपनीचे काम. कंपनीला वाटे, विकला तो डबा ग्राहकाचा. शकुंतलेची कोंडी लाखो घरांत पुन्हा अवतरली होती, फरक इतकाच की या वेळी ती कोणाला दिसत नव्हती.

११/
ती दिसली २०१६ मध्ये. ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्राम कारखान्यातल्या साठेक ठराविक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून कॅमेरे आणि राउटर यांच्यात शिरत गेला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या गुलाम यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील ‘डिन’ कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. नोव्हेंबर अखेरीस जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर अशाच माऱ्याने कोलमडले. तेथे कंपनीने नवे फर्मवेअर तयार केले आणि ग्राहकांना एवढेच सांगितले: राउटर बंद करून पुन्हा चालू करा, तो स्वतःच नवा प्रोग्राम उतरवून घेईल. दुरून होणाऱ्या दुरुस्तीचा उपयोग त्या वेळी सर्वांना पटला.

१२/
भारताची पाळी जुलै २०१७ मध्ये आली. भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या ग्राहकांचे मोडेम अचानक बंद पडू लागले. बातम्यांतला आकडा ६० हजारांच्या घरात होता. ‘ब्रिकरबॉट’ हा प्रोग्राम असुरक्षित यंत्रांत शिरून त्यांची फ्लॅश स्मृतीच खराब करत असे. त्याच्या टोपणनावाने वावरणाऱ्या निर्मात्याचा दावा असा, की अशी यंत्रे गुन्हेगारांच्या हाती जाण्यापूर्वी नष्ट करणे हेच लोकहिताचे. घराच्या वेशीचा दरवाजा उघडा आहे म्हणून वेसच पाडून टाकण्याचा हा न्याय. त्यानंतर ग्राहकांना मुळातला पासवर्ड बदलण्याचे आवाहन करण्यात आले.

१३/
या पार्श्वभूमीवर मेश राउटर बाजारात आले. गूगलचा ‘ऑनहब’ २०१५ मध्ये, ‘ईरो’ २०१६ च्या आरंभी आणि ‘गूगल वाय-फाय’ त्याच वर्षाच्या अखेरीस. या पिढीने जुना गृहीतक्रम उलटा केला: फर्मवेअरचे अपडेट ग्राहकाने शोधायचे नाही, ते आपोआप उतरेल. मेशमध्ये याला आणखी एक कारण होते. घरातील सर्व नोड एकमेकांशी सतत बोलत असतात. एकावर नवा प्रोग्राम आणि दुसऱ्यावर जुना राहिला, तर जाळ्यात बिघाड संभवतो. म्हणून सगळे एकत्र, बहुधा रात्रीच्या निवांत वेळी, बदलले जातात.

१४/
भारनियमनातली जुनी भीतीही या रचनेने बरीच दूर केली. ऑनहबची घडण क्रोम ओएसवर आधारलेली होती. अशा यंत्रात प्रोग्रामसाठी दोन स्वतंत्र कप्पे असतात. चालू कप्प्याला धक्का न लावता नवा प्रोग्राम दुसऱ्या कप्प्यात लिहिला जातो, त्यावरची कंपनीची डिजिटल स्वाक्षरी पडताळली जाते आणि मगच यंत्र त्यावरून सुरू होते. सुरू होण्यात अडचण आली, तर ते जुन्या कप्प्याकडे परतते. शिवाय अपडेट सर्व घरांत एकदम न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवण्याची रीत आहे, म्हणजे दोष निघाला तर थोडक्यात आवरता येतो.

१५/
या सोयीची किंमतही लवकरच कळली. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलच्या खातेव्यवस्थेत बिघाड झाला आणि अनेक घरांतील ऑनहब व गूगल वाय-फाय कारखान्यातल्या मूळ स्थितीत गेले. मालकांना घरचे जाळे पुन्हा उभारावे लागले. त्यांच्या डब्यात काहीच मोडले नव्हते. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ऑनहबची अपडेट थांबली आणि जानेवारी २०२३ पासून ॲपमधून त्याच्या जोडण्या बदलणेही बंद झाले. विकत घेतलेली वस्तू घरातच होती, चालू होती. तिची किल्ली मात्र दुसऱ्याने काढून घेतली.

१६/
उलट बाजूही तितकीच खरी. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे ६ लाखांहून अधिक राउटर ७२ तासांत कायमचे निकामी केले गेले. ते बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेव्हा ‘कंपनीचा हस्तक्षेप नको’ म्हणून अपडेट बंद करणारे घर स्वतंत्र होत नाही. ते उघड्या वेशीचे होते. स्वयंचलित अपडेट स्वीकारायचे की नाही, हा वाद जवळपास मिटला आहे. उरलेला वाद आहे तो कराराच्या अटींचा.

१७/
त्या अटी आता कायद्यात उतरत आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच सोपा पासवर्ड देऊन उपकरणे विकण्यास बंदी आली, आणि सुरक्षा-अपडेट किती काळ मिळतील हे सांगणे उत्पादकांना बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. शक्य तेथे सुरक्षा-अपडेट मुळातच स्वयंचलित असावे, पण ते बंद करण्याचा सोपा मार्ग ग्राहकाला असावा, अशी त्याची अपेक्षा आहे. भारतात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. बाधित यंत्रे ओळखून ती साफ करण्यास साहाय्य करणे हे त्याचे काम.

१८/
घरापुरते पाहिले तर या इतिहासातून थोडे नियम निघतात. राउटर घेताना वेगाइतकीच अपडेट किती वर्षे मिळणार याची चौकशी करावी. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. ॲपमध्ये अपडेटची वेळ निवडता येत असेल, तर वीज टिकून असते अशी वेळ निवडावी आणि छोटा यूपीएस जोडावा. अपडेट चालू असताना दिवा लुकलुकतो म्हणून डबा बंद करू नये. फर्मवेअरचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. अपडेटनंतर एखादा नोड रुसला, तर तक्रार करताना तोच पुरावा ठरतो. आणि कंपनीने साथ सोडलेला डबा, चालू असला तरी, वेशीवर ठेवू नये.

१९/
कारंज्यावरून जाणारी शकुंतला एका दिवसात थांबली नाही. कराराच्या प्रत्येक मुदतवाढीबरोबर देखभालीचा प्रश्न पुढे ढकलला गेला, आणि त्याची झळ बसली ती मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळच्या त्या प्रवाशांना, ज्यांची सही त्या करारावर कधीच नव्हती. राउटरच्या बाबतीत करारावर सही घरमालकाचीच असते, ॲपमधल्या ‘मान्य आहे’ या बटणाच्या रूपाने. ते दाबण्यापूर्वी अपडेट किती वर्षे आणि कोणाच्या मर्जीने मिळणार, एवढे वाचून घेण्याचा अधिकार अजून त्याच्या हाती आहे.