टूसॉनचा पाट आणि तीन अरबी शब्द

उर्दूच्या तासाला ‘साक़ी’ हा शब्द आला की वर्गात खसखस पिकते. मुलांना साक़ी म्हणजे फक्त मद्य देणारा एवढंच ठाऊक असतं. मग सांगावं लागतं की बाळांनो, मूळ अरबी धातू पाणी पाजण्याचा आहे. साक़ी म्हणजे पाजणारा, सक्का म्हणजे पखालीने पाणी वाहणारा, आणि साक़िया म्हणजे शेताला पाणी पाजणारा पाट. हा तिसरा शब्द मात्र आपल्या उर्दूत फारसा रुळला नाही. तो पश्चिमेकडे निघाला आणि फार लांब गेला. इतका लांब, की आज तो अमेरिकेच्या नैर्ऋत्येतल्या वाळवंटात सापडतो. आजचा लेख त्या वाळवंटातल्या एका शहराबद्दल आहे.

शहराचं नाव टूसॉन. अ‍ॅरिझोना राज्यातलं फीनिक्सच्या खालोखाल मोठं शहर, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून साधारण शंभर किलोमीटरवर. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर असतो. वर्षाचा पाऊस सरासरी ११ इंच, आणि त्यातला जवळपास निम्मा जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. माझा एक भाचा काही वर्षं तिथल्या विद्यापीठात होता. तो तिथल्या स्थानिक बातम्या पाठवायचा. पहिला पाऊस केव्हा पडणार, नाल्याला अचानक लोंढा येऊन मोटार कशी अडकली, नगरपालिकेने पाणीपट्टी किती वाढवली. मला वाटायचं, हा आमच्याच तालुक्याचं वर्तमानपत्र पाठवतोय की काय! तिथले लोक त्या पावसाला ‘मॉन्सून’ म्हणतात. हा शब्दही अरबी ‘मौसम’मधूनच निघाला, पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून युरोपात गेला. आपण मोसमी पाऊस म्हणतो, ते मॉन्सून म्हणतात. वाट दोघेही आभाळाकडे बघतच पाहतात.

पण अरबी शब्द येण्याच्या कितीतरी आधी तिथे पाट होते. टूसॉनमधून सांता क्रूझ नदी जाते. ती दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. तिच्या काठावर पुरातत्त्व अभ्यासकांना तीन हजार वर्षांपूर्वीचे कालवे सापडले आहेत. मका तर तिथे सुमारे चार हजार वर्षांपासून पिकतो. म्हणूनच २०१५ साली युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान्यता दिली. तिथले मूळ रहिवासी ओऽधाम लोक. शहराचं नावही त्यांच्याच भाषेतलं. काळ्या डोंगराचा पायथा असा त्याचा अर्थ. तो काळा डोंगर अजून शहराच्या पश्चिमेला उभा आहे.

मग स्पॅनिश आले. ऑगस्ट १७७५ मध्ये ह्यूगो ओकोनॉर या अधिकाऱ्याने तिथे लष्करी ठाण्याची जागा ठरवली. हा गृहस्थ जन्माने आयरिश, पण नोकरी स्पेनच्या राजाची. या स्पॅनिश लोकांनी सोबत शब्द आणले. पाटाला ते ‘असेकिया’ म्हणत, म्हणजे आपला साक़िया. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटेला ‘अडोबे’ म्हणत, म्हणजे अरबी ‘अत्-तूब’, वीट. सातशे-आठशे वर्षं अंदलूसमध्ये अरबी बोलली गेली. राज्य गेलं, मशिदींची चर्चेस झाली, लोकांना हाकलून दिलं. तरी शेतकऱ्याच्या तोंडातला पाट आणि गवंड्याच्या हातातली वीट यांची नावं कुणाला हाकलता आली नाहीत.

शब्दासोबत रीतही आली. स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात आजही दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाटपाण्याचं न्यायालय भरतं. शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरीच न्यायाधीश, वकील नाही, लेखी अर्ज नाही, निकाल तिथल्या तिथे. ही परंपरा मुस्लिम राजवटीपर्यंत मागे जाते असं तिथे मानलं जातं. २००९ साली युनेस्कोनेही तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. इस्लामी कायद्यात वाहत्या पाण्यावर तहानलेल्याचा हक्क आधी, मग जनावराचा, मग शेताचा. ‘शरीअत’ या शब्दाचा जुना अर्थच मुळी पाण्याकडे नेणारी वाट. हा शब्द आज ज्या भीतीने किंवा ज्या आवेशाने उच्चारला जातो, त्यात ही वाट कुठे हरवली कोण जाणे.

टूसॉनमध्ये पाटावर एक माणूस नेमलेला असे, त्याला ‘सान्खेरो’ म्हणत. पाणी कुणाला, किती वेळ, हे तो बघायचा. आपल्याकडच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. मी ज्या भागात शिकवतो तिथे, मोसम आणि पांझरा नद्यांच्या खोऱ्यात, फड पद्धती होती. बंधारा, पाट, पाळीपाळीने पाणी, आणि पाळी सांभाळणारा पाटकरी. सान्खेरो म्हणजे त्यांचा पाटकरी. दोघांची गाठ कधी पडली नाही, पण कमी पाण्यात एकत्र जगायचं तर पाटावर सगळ्यांच्या विश्वासाचा एक माणूस लागतो, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना आपापलं कळलं होतं.

इथे मुस्लिम वाचक हमखास विचारतील, तिथे आपलं कोणी होतं का? होतं. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट मागवले. त्या उंटांबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. अमेरिकनांच्या जिभेवर त्याचं ‘हाय जॉली’ झालं. १८८० साली त्याने टूसॉनमध्ये लग्न केलं. १९०२ मध्ये तो वारला. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावी त्याची कबर आहे, वर दगडी पिरॅमिड आणि त्यावर उंट. लोक तिथे फोटो काढतात. पण हाजी अली तिथे पोहोचला तेव्हा साक़िया आणि तूब हे शब्द त्या गावात ऐंशी वर्षं मुक्कामाला होते.

दरम्यान मालक बदलले. १८५३ च्या करारानुसार मेक्सिकोने हा मुलूख अमेरिकेला विकला. नदी तीच, पाट तेच, माणसंही तीच. कागद मात्र इंग्रजीत आले. १८८० च्या मार्च महिन्यात रेल्वे आली. रेल्वेबरोबर भांडवल आलं आणि बाजार आला.

आता १८८५ सालचा एक खटला पाहा. नदीच्या वरच्या अंगाला तीन जमीनदारांनी आपली जमीन चिनी भाजीवाल्यांना खंडाने दिली होती. त्यातले दोन अमेरिकन आणि एक मेक्सिकन. गव्हाला थोड्या पाळ्या पुरतात, भाजीला सारखं पाणी लागतं. वर पाणी जास्त मुरलं, तशी खालची शेतं सुकू लागली. खालचे शेतकरी कोर्टात गेले. जुन्या साक्षीदारांनी जुनी रीत सांगितली : शेतकरी मिळून पाटकरी निवडत, टंचाईत कुणाला आधी द्यायचं ते ठरलेलं असे. निकाल खालच्या शेतकऱ्यांच्या विरोधात गेला.

या खटल्यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोष चिनी मजुरांवर ढकलणं फार सोपं होतं. परकी माणसं, वेगळा धर्म, वेगळी भाषा. पण पाणी त्यांच्या मालकीचं नव्हतंच, ते खंड भरत होते. फायदा जमीनदारांचा होता. टंचाई आली की बोट आधी शेजारच्या परक्याकडे जातं आणि पाटाच्या मुखाशी बसलेला माणूस नजरेतून सुटतो. हे फक्त टूसॉनमध्ये घडतं असं नाही.

पुढे या तिघांपैकीच एका जमीनदाराने, सॅम ह्यूजेसने, नदीच्या पात्रातलं पाणी पकडायला एक खोल चर खणला. तो चर मोकळा राहिला आणि ऑगस्ट १८९० मध्ये पूर आला. पाणी चरात घुसलं, चर मागे मागे कापत गेला आणि सपाट पात्राचा खोल ओहोळ झाला. नदी खाली गेली, पाटांची तोंडं वर कोरडी राहिली. गावाने मिळून सांभाळलेली व्यवस्था एका माणसाच्या घाईने आणि काही दिवसांच्या पुराने मोडली. मग पंप आले. जमिनीखालचं पाणी उपसलं जाऊ लागलं, पातळी काही ठिकाणी दोनशे फुटांहून जास्त खाली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातली सांता क्रूझ बारमाही राहिली नाही. पूल राहिले, खाली वाळू.

पाटानंतर विटेची पाळी आली. शहराच्या मध्यभागी जुनी मेक्सिकन वस्ती होती. जाड अडोबेच्या भिंती, रस्त्याला लागून दारं, आत अंगण. अशा घरात भर उन्हाळ्यातही गारवा राहतो, हे मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको. तिथे चिनी किराणा दुकानं होती, काळ्या लोकांची घरं होती, स्पॅनिश वर्तमानपत्रं निघत होती. ‘एल फ्रोंतेरिसो’ १८७८ पासून, ‘एल तुकसोनेन्से’ १९१५ पासून. बारसं, लग्न, मयत, दुकानाची जाहिरात, मुलांचे निकाल, सगळं त्यात छापून येई. १९६० च्या दशकात नगरपालिकेने या वस्तीवर गलिच्छ असा शिक्का मारला आणि सुमारे ८० एकरांवर बुलडोझर फिरवला. तिथे १९७१ मध्ये भव्य सभागृह उघडलं. ज्यांची घरं गेली त्यांच्यातल्या अनेकांना त्या परिसरात पुन्हा घर घेणं परवडलं नाही. आता उरलेली थोडी अडोबे घरं रंगवून महागात विकली जातात. वीट टिकली. ती थापणाऱ्यांची नातवंडं दुसरीकडे राहायला गेली.

इथपर्यंतची कथा आपण पुष्कळ शहरांची ऐकलेली असते. टूसॉनचा इतिहास मला पुढच्या भागासाठी महत्त्वाचा वाटतो, कारण या शहराला पाण्यासाठी एकत्र बसणं पुन्हा शिकावं लागलं.

१९७६ मध्ये नगरपरिषदेने पाणीपट्टी वाढवली. उंचावर राहणाऱ्यांना पाणी चढवायचा खर्च जास्त, म्हणून त्यांना आकारही जास्त. लोक भडकले आणि पुढच्याच जानेवारीत त्या सदस्यांना मतदानाने घरी बसवलं. पण नव्या मंडळींनाही हिशोब तोच करावा लागला. १९७७ च्या उन्हाळ्यात शहराने मोहीम काढली : बागेला एक दिवसाआड पाणी घाला आणि दुपारी चार ते रात्री आठ घालूच नका. त्यासाठी एक बदक तयार केलं, ते जाहिरातीतून मुलांना सांगायचं. मुलांनी घरी जाऊन आईबापांना सांगितलं. शिक्षक म्हणून मला यात नवल वाटत नाही.

कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने, डोंगर चढवून टूसॉनपर्यंत आणलं गेलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये ते नळाला आलं, तर तपकिरी! नव्या पाण्याने जुन्या लोखंडी नळांचा गंज सोडवला होता. धुतलेले कपडे डागाळले, बंब बिघडले, स्थानिक वर्तमानपत्रं तक्रारींनी भरली. दोन वर्षांत ते पाणी बंद करावं लागलं. १९९५ मध्ये लोकांनी मतदान करून ते थेट नळाला सोडण्यावर बंधन घातलं. मग तज्ज्ञांनी ते पाणी शेजारच्या खोऱ्यात आधी जमिनीत मुरवायचं, भूजलात मिसळू द्यायचं आणि मग उपसायचं ठरवलं. २००१ पासून ते नळाला येतं आहे.

आणि पाऊस? १९९० च्या दशकात ब्रॅड लँकेस्टर नावाच्या रहिवाशाने रस्त्याकडेचा काँक्रीटचा कठडा कापून पावसाचं पाणी झाडांकडे वळवलं. तेव्हा ते बेकायदा होतं. पुढे नगरपालिकेने तीच गोष्ट नियमात बसवली. २०१० पासून नव्या व्यापारी इमारतींना बागेचं निम्मं पाणी पावसातूनच मिळवावं लागतं. लोकसंख्या पुष्कळ वाढली, पण शहराचं पाणी १९८० च्या दशकात लागायचं साधारण तेवढंच लागतं.

जून २०१९ मध्ये, ज्या दिवशी तिथले मेक्सिकन लोक संत योहानाच्या सणाला पावसाची विनवणी करतात त्याच दिवशी, शहराने शुद्ध केलेलं सांडपाणी सांता क्रूझच्या कोरड्या पात्रात सोडलं. मध्यवस्तीत पुन्हा नदी दिसू लागली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका प्रचंड डेटा सेंटरला शहराच्या हद्दीत घेण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेने एकमताने फेटाळला. त्याआधी लोकांनी सभागृहं भरून टाकली होती. त्यांचे प्रश्न विजेचे होते, तसे पाण्याचेही होते : पाणी किती घेणार आणि कोणाच्या वाट्याचं? १८८५ च्या कोर्टात खालच्या शेतकऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा ते हरले, या वेळी लोकांचं ऐकलं गेलं.

टूसॉन म्हणजे काही स्वर्ग नाही. कोलोरॅडो नदी आटते आहे, आणि जुन्या वस्तीतून उठवलेल्या लोकांना त्यांचं अंगण कोणी परत दिलेलं नाही. पण शब्द शिकवणारा माणूस म्हणून मला या शहराकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. अंदलूसचा वारसा म्हणताना आपण अल-हम्राच्या कमानींचे फोटो एकमेकांना पाठवतो आणि उसासे टाकतो. कमानी सुलतानांच्या होत्या. पाट शेतकऱ्यांचा होता, आणि राज्य बुडाल्यावर जगभर गेला तो पाट. तो जिथे जिथे गेला तिथे शब्द आपोआप टिकला, रीत मात्र आपोआप टिकली नाही. ती टिकवायला दर पिढीत कोणाला तरी पाटावर उभं राहून विचारावं लागतं, पाळी कोणाची आहे. आपल्या गावात टँकर येतो तेव्हा पहिली घागर कोणाची भरते, ते या उन्हाळ्यात जरा बघा.