काखेतला सेन्सर

आमच्या धंद्यात प्रत्येक बगला सिव्हिरिटी लावतात. सिस्टम बंद पडली तर एक नंबर, बटणाचा रंग चुकला तर शेवटचा. आणि शेवटच्या नंबरकडे कोणी ढुंकून बघत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच!

हॉस्पिटलातल्या सामानाचीही अशीच वर्गवारी आहे. ती केली फिलाडेल्फियातल्या टेंपल युनिव्हर्सिटीच्या अर्ल स्पॉल्डिंग यांनी. त्यांच्या ज्या लेखाचा हवाला आजही देतात तो १९६८ चा. हिशोब सोपा आहे. शरीराच्या आत, रक्तात जाणारी हत्यारं पूर्ण निर्जंतुक हवीत. तोंड-घशाच्या ओल्या आवरणाला लागणारी, म्हणजे एंडोस्कोपसारखी, त्याखालोखाल. आणि नुसत्या धडधाकट कातडीला लागणारी? स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, बेडपॅन... ही तिसऱ्या वर्गात. पुसली की झालं.

आता ऑक्सफर्डची गोष्ट ऐका. कँडिडा ऑरिस ही बुरशी २००९ साली जपानमध्ये एका पेशंटच्या कानात सापडली (लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान). बऱ्याच औषधांना ती दाद देत नाही. फेब्रुवारी २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात ऑक्सफर्डच्या हॉस्पिटलात ७० पेशंट्समध्ये ती आढळली. त्यातले ६६ जण आधी मेंदूविकारांच्या आयसीयूत राहून गेलेले. सात जणांमध्ये ती शरीरात खोलवर शिरली.

साफसफाई वाढवली, तपासण्या वाढवल्या, तरी नवे पेशंट येतच राहिले. मग एखाद्या बगचा माग काढावा तसा पेशंट्सच्या नोंदींचा माग काढला. ६६ पैकी ५७ जणांच्या काखेत ताप मोजायचा सेन्सर लावलेला होता. एकाचा काढायचा, दुसऱ्याला लावायचा! तपासल्यावर बुरशी त्या सेन्सरवरच सापडली. ते वापरातून काढल्यावरच साथ आटोक्यात आली.

म्हणजे स्पॉल्डिंग चुकले का? मला तसं वाटत नाही. वस्तू शरीराला कुठे लागते, हे त्यांची वर्गवारी सांगते. ती दिवसाला किती जणांना लागते, हे मात्र त्यात येत नाही. ऑपरेशनची सुरी ऑपरेशनपुरती बाहेर येते, नंतर थेट ऑटोक्लेव्हमध्ये. बीपीचा पट्टा मात्र दिवसभर या खाटेवरून त्या खाटेवर फिरत असतो. तिसऱ्या वर्गाचा दुबळेपणा तिथेच आहे.

असो. पुढच्या वेळी दंडाला पट्टा बांधायला कोणी आलं, तर "पुसलाय ना हो?" एवढं विचारायला लाजू नका.